एक्स्टेन्शनची स्क्रिप्ट चालेना? आधी फाईलची परमिशन बघा

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या ऑफिसांमध्ये आजकाल ऑर्डर ब्राउझरमध्येच येते, मग कधी ना कधी मालक म्हणतोच की त्या ऑर्डरच्या पानावर एक बटण पाहिजे, दाबलं की इकडं लेबल प्रिंटरमधनं चिठ्ठी बाहेर आली पाहिजे. काम तसं छोटं, एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आणि त्याच्या मागं एक पायथनची स्क्रिप्ट. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर मस्त चालतं, मग झिप करून ऑफिसातल्या उबुंटू लिनक्सवर टाकलं की बटण दाबून दाबून बोट दुखतं पण प्रिंटर ढिम्म, आणि पोरगं संध्याकाळपर्यंत जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतं. चूक बऱ्याचदा तिथं नसतेच. स्क्रिप्टच्या फाईलवरचं एक्झिक्यूटचं बिट, म्हणजे ती फाईल चालवायची परवानगी, वाटेत कुठंतरी गळून पडलेलं असतं, ते कुठं गळतं आणि त्याचं काय करायचं ते इथं सांगतो.

कमांड मी देवनागरीतच लिहिल्यात, टर्मिनलात त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या हे वेगळं सांगायला नको. आणि मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती लिहिलेल्या फाईलमध्ये, टॅब्स, स्टोरेज वगैरे परमिशनची जी यादी असते तिचा इथं विषय नाही, ती ब्राउझरची गोष्ट. आपण बोलतोय डिस्कवरच्या फाईलच्या परमिशनबद्दल, एलएस डॅश एल मारल्यावर डावीकडं आर, डब्ल्यू, एक्सची जी माळ दिसते ती. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, आणि तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप, बाकी सगळे. ६४४ म्हणजे मालक वाचेल-लिहील, बाकीचे नुसतं वाचतील. ७५५ म्हणजे तेच, वर सगळ्यांना ती चालवताही येईल.

एक्स्टेन्शनच्या आतल्या फाईलला एक्स लागतच नाही

इथंच निम्मे लोक वाट चुकतात. स्क्रिप्ट चालत नाही म्हटलं की अख्ख्या एक्स्टेन्शनच्या फोल्डरवर परमिशन बदलायची कमांड, चमॉड डॅश कॅपिटल आर ७७७, मारून मोकळे. अहो, पण जावास्क्रिप्टची फाईल ऑपरेटिंग सिस्टिम चालवत नाही, ब्राउझर ती वाचतो आणि आपल्या इंजिनात चालवतो, कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ती फाईल आणि आयकॉनचा पीएनजी सारखाच. त्यामुळं जेएस असो, एचटीएमएल असो, जेसन असो, सगळ्याला ६४४ पुरतं, एक्स लावून काडीचा फरक पडत नाही.

फायरफॉक्स तर एक्सपीआय, म्हणजे त्याच्या एक्स्टेन्शनचं पॅकेज, उघडून पसरतही नाही, प्रोफाईलच्या फोल्डरात ती फाईल अख्खी तशीच ठेवतो आणि आतनं लागेल ते वाचून घेतो, म्हणजे आतल्या फाईलवर कुठला आकडा आहे याला तिथं अर्थच उरत नाही, फक्त ती एक्सपीआय फाईल वाचता आली पाहिजे. क्रोम त्याचं पॅकेज, म्हणजे सीआरएक्स, उघडतो, प्रोफाईलमध्ये एक्स्टेन्शनच्या आयडीच्या नावानं फोल्डर, त्यात व्हर्जनचं फोल्डर असं करून ठेवतो, पण त्यालाही फाईली वाचता आल्या की झालं. त्या फोल्डरात जाऊन हातानं काही दुरुस्त करू नका, स्टोअरवरनं आलेल्या एक्स्टेन्शनच्या फाईलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरनं काढलेले ठसे, क्रोम तपासतो, आतला मजकूर बदलला की एक्स्टेन्शन करप्ट झालंय म्हणून सरळ बंद करतो.

जुन्या गाईडमध्ये अजून एक प्रकार सापडतो, इन्स्टॉल डॉट आरडीएफमध्ये अनपॅक ट्रू लिहा, म्हणजे फायरफॉक्स एक्स्टेन्शन फोल्डर म्हणून पसरेल, मग एक्स्टेन्शनमधनंच फाईलला ७५५ द्या आणि चालवा. ते सगळं फायरफॉक्स ५७ बरोबर, म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये, बंद झालं. आजच्या एक्स्टेन्शनला डिस्कवरची फाईल चालवायची मुभाच नाही. तुम्ही पॅकेजच्या आत शेल स्क्रिप्ट टाकली, तिला ७७७ दिलं, वर नारळ फोडला, तरी ती चालणार नाही. फायरफॉक्ससाठी वर चढवताना उलट तपासणीत वॉर्निंग येते की ही असली फाईल इथं कशाला.

वाचायच्या परमिशनचा मात्र खरा त्रास होतो, आणि तो दोन ठिकाणी. एक, लोड अनपॅक्ड करून फोल्डरमधनं एक्स्टेन्शन चालवत असाल तेव्हा. दुसरं, सगळ्या लॉगिनसाठी म्हणून रूटनं, म्हणजे मशीनच्या मुख्य लॉगिननं, एक्स्टेन्शन सिस्टिमच्या फोल्डरात ठेवलं असेल तेव्हा. रूटचा यूमास्क, म्हणजे नव्या फाईलवरनं कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा, ०७७ असला की नव्यानं बनणारी फाईल ६०० होते आणि फोल्डर ७००, मग रूटला सगळं दिसतं पण काउंटरवरच्या लॉगिनला काहीच दिसत नाही, एररही धड येत नाही, एक्स्टेन्शन नुसतं गायब. फोल्डरला वाचायच्या परमिशनबरोबर एक्स पण लागतो हे विसरू नका, फोल्डरवरचा एक्स म्हणजे आत शिरायची परवानगी, तो नसेल तर आतली फाईल ६४४ असून उपयोग नाही. पॉलिसीनं एक्स्टेन्शन ढकलत असाल तर एटीसीच्या आतल्या क्रोमच्या पॉलिसी फोल्डरमधल्या जेसनलाही हाच नियम, ६४४, मालक रूट.

झिपमध्ये परमिशन असते, पण

सीआरएक्स आणि एक्सपीआय, दोन्ही शेवटी झिपच. एक्सपीआय म्हणजे सरळ झिप, नाव बदललेलं. सीआरएक्समध्ये झिपच्या आधी एक हेडर असतं, सुरुवातीला सीआर२४ ही चार अक्षरं, मग व्हर्जन, मग सहीचा भाग, आणि त्यापुढं झिप. झिपमध्ये प्रत्येक फाईलमागं ३२ बिटांचा एक खण असतो, एक्स्टर्नल ॲट्रिब्यूट्स म्हणतात त्याला, आणि युनिक्सवर बनवलेल्या झिपमध्ये त्याच्या वरच्या १६ बिटांत फाईलची परमिशन लिहिलेली असते. शिवाय झिप कुठल्या सिस्टिमवर बनली याचाही एक आकडा असतो, युनिक्स असेल तर ३, डॉस-विंडोज असेल तर ०.

म्हणजे परमिशन झिपमध्ये जाते हे खरं. पण ती चादरीच्या गठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी आहे, सोडवणाऱ्यानं वाचली तर वाचली. लिनक्सवरची अनझिप कमांड वाचते. पायथनच्या झिपफाईलचं एक्स्ट्रॅक्टऑल बघत नाही, फाईली नेहमीसारख्या काढून ठेवतं, एक्स गेला. आणि विंडोजवर राइट क्लिक करून झिप केली असेल तर चिठ्ठीच लिहिलेली नसते, अनझिपला वाचायला काही मिळतच नाही.

उलटा घोळही होतो. पायथनमधनं झिप बनवताना राइटएसटीआर ला नुसतं फाईलचं नाव आणि मजकूर दिला की ते झिपमध्ये ६०० लिहितं. बरेच जण बिल्ड स्क्रिप्टमध्ये मॅनिफेस्टचा व्हर्जन नंबर बदलून ती फाईल अशीच झिपमध्ये घालतात, बाकीच्या फाईली नेहमीच्या पद्धतीनं. मग झिप रूटनं उघडली की सगळ्या फाईली ६४४ आणि नेमकी मॅनिफेस्ट ६००, आणि मॅनिफेस्टच वाचता येत नसेल तर ब्राउझर काय करणार. उपाय सोपा आहे, झिपइन्फोचं ऑब्जेक्ट आधी बनवायचं, त्याच्या एक्स्टर्नल ॲट्रिब्यूटमध्ये ऑक्टल ६४४ सोळा बिट डावीकडं सरकवून टाकायचं, मग ते राइटएसटीआर ला द्यायचं.

डब्ल्यूएसएलवाल्यांनी, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांनी, अजून एक लक्षात ठेवा. विंडोजची सी ड्राइव्ह तिथनं बघितली की मूळ सेटिंगमध्ये सगळ्या फाईली ७७७ दिसतात, तिथंच उभं राहून झिप केली तर आत सगळीकडं ७७७ छापलं जातं. प्रोजेक्ट डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरात कॉपी करून, परमिशन नीट करून मग झिप करा.

झिपच्या आत काय छापलंय ते बघायला झिपइन्फो कमांड वापरा, पुढं फक्त फाईलचं नाव. प्रत्येक ओळीत आधी परमिशनची माळ, मग ३.० सारखा व्हर्जन, मग उंक्स किंवा फॅट असं तीन अक्षरी नाव, मग साईज वगैरे. फॅट दिसलं की समजायचं की ही विंडोजची झिप आहे, हिच्यातनं एक्सची अपेक्षा ठेवू नका. उंक्स दिसलं आणि जेएस फाईलच्या ओळीत मालकाची आर-डब्ल्यू आणि पुढं दोनदा नुसता आर दिसला की ६४४, बरोबर आहे.

पॅकेज करायच्या आधी मी तरी हा क्रम सोडत नाही. बिल्डचा फोल्डर वेगळा करायचा, मूळ सोर्सवर प्रयोग करायचे नाहीत, त्यात फाइंड टाइप डी लावून सगळ्या फोल्डरला ७५५, फाइंड टाइप एफ लावून सगळ्या फाईलींना ६४४, मग त्या फोल्डरच्या आत शिरून झिप डॅश आर. आत शिरून म्हणतोय कारण मॅनिफेस्ट झिपच्या अगदी वरच्या पातळीवर पाहिजे, एका फोल्डरच्या आत गेली की वर चढवताना मॅनिफेस्ट सापडत नाही म्हणून परत येतं. नंतर झिपइन्फो मारून एक नजर. फायरफॉक्ससाठी पॅकेज बनवायचं टूल, वेब-एक्स्ट बिल्ड, वापरलं तरी ही नजर टाकायचीच.

सही झाल्यानंतर पॅकेज उघडून आतली फाईल बदलायची नाही, मजकूर बदलला की सही मोडते. काही सुधारायचं तर सोर्समध्ये सुधारा, व्हर्जन वाढवा, परत सही घ्या.

खरी चालणारी स्क्रिप्ट बाहेर असते

आता मुख्य मुद्दा. प्रिंटरला चिठ्ठी पाठवणारी पायथनची स्क्रिप्ट एक्स्टेन्शनच्या आत नसते, ती मशीनवर वेगळी टाकावी लागते, आणि ब्राउझर तिच्याशी नेटिव्ह मेसेजिंगनं, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला निरोप पाठवायच्या सोयीनं, बोलतो. या बाहेरच्या स्क्रिप्टला होस्ट म्हणतात. त्यासाठी एक छोटी जेसन फाईल लागते, होस्टची मॅनिफेस्ट, तिच्यात नाव, वर्णन, स्क्रिप्टचा पत्ता, टाइप म्हणजे एसटीडीआयओ, आणि कुठल्या एक्स्टेन्शनला परवानगी आहे ते. क्रोमसाठी ती एकट्या युजरपुरती हवी असेल तर होमच्या आत डॉट कॉन्फिग, त्यात गूगल-क्रोम, त्यात नेटिव्हमेसेजिंगहोस्ट्स. फायरफॉक्ससाठी होममधल्या डॉट मोझिलाच्या आत नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स. सगळ्या लॉगिनसाठी हवी असेल तर क्रोमची एटीसीच्या आत ऑप्ट, क्रोम, नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स, आणि फायरफॉक्सची यूएसआर, लिब, मोझिलाच्या आत त्याच नावाच्या फोल्डरात.

या जेसनला ६४४. एक्स नको. स्क्रिप्टला मात्र ७५५, तिथं तडजोड नाही.

आणि आता तो सापळा, ज्यात चांगले चांगले अडकतात. एका टॉवेलवाल्याच्या ऑफिसात पोरगं मला टर्मिनल दाखवत होतं, पायथन३ स्पेस होस्ट डॉट पीवाय मारलं, स्क्रिप्ट चालू झाली, इनपुटची वाट बघत थांबली. "बघा की, चालतंय! मग ब्राउझरला काय धाड भरलीय बे?" तर धाड ही, की पायथन३ पुढं लिहून चालवलं की एक्झिक्यूट होतो तो पायथन, तुमची स्क्रिप्ट नुसती वाचली जाते, तिला ६४४ चालतं. ब्राउझर तसं करत नाही. होस्टच्या जेसनमध्ये फक्त पत्ता देता येतो, पायथन३ असं पुढं लावायची सोय नाही, त्यामुळं ब्राउझर ती फाईल थेट चालवायला जातो आणि एक्स नसला की तिथंच आपटतो. म्हणून टेस्ट करायची तर ब्राउझरसारखीच करा, स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता टाका आणि एंटर. परमिशन डिनाइड आलं तर कारण हातात आलं. काहीच न छापता शांत बसली तर चालतेय, कंट्रोल सी मारून बाहेर या.

चमॉड प्लस एक्स मारून त्या दिवशी काम होतं, पण पुढच्या मशीनवर परत तेच. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर जत्रेच्या, सुट्टीत ऑफिसातली सगळी मशीन पुसून नव्यानं भरली की जानेवारी संपायच्या आत फोन येतोच. कारण फाईल एका मशीनवरनं दुसऱ्या मशीनवर ज्या वाटेनं जाते त्या प्रत्येक वाटेवर एक्स सांडतो. सुटी पीवाय फाईल व्हॉट्सॲपवर किंवा मेलनं पाठवली, ब्राउझरमधनं डाउनलोड केली, एक्स नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, त्याच्यात परमिशन साठवायची सोयच नाही, तिथं चमॉड मारलं तरी काही टिकत नाही, माउंट करताना जो आकडा ठरला तोच सगळ्या फाईलींना दिसतो. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या साठवायचं टूल, एक्स जपतं, नेमकं तेवढंच जपतं, फाईल १००६४४ आहे का १००७५५ हे त्याला कळतं, पण विंडोजवर बसून नवीन फाईल ॲड केली की ती ६४४ म्हणूनच जाते. त्यावर इलाज म्हणजे गिट अपडेट-इंडेक्स, पुढं दोन डॅश देऊन चमॉड बरोबर प्लस एक्स, मग फाईलचं नाव, आणि कमिट. गिट एलएस-फाइल्स डॅश एस मारून आकडा बदलला का बघून घ्या. गिटहब ॲक्शन्समध्ये बिल्ड करून आर्टिफॅक्ट म्हणून, म्हणजे तयार फाईलींचा गठ्ठा म्हणून, चढवलं तर तिथंही परमिशन उडते, फाईली ६४४ होऊन परत येतात, त्यांच्याच माहितीत लिहिलंय की जपायचं असेल तर आधी सगळं एका टार फाईलीत बांधा, मग चढवा.

एवढ्या वाटा बुजवत बसण्यापेक्षा सरळ मान्य करा की एक्स येणार नाही, आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच तो लावा. लिनक्समध्ये इन्स्टॉल नावाची एक कमांड आहे, लोकांना माहीतच नसते. ती कॉपी करते आणि त्याच झटक्यात परमिशन पण लावते, यूमास्क काय आहे ते बघत नाही. सुडो इन्स्टॉल डॅश एम ७५५, मग होस्टची फाईल, मग ऑप्टच्या आतलं तुमचं फोल्डर. जेसनसाठी तीच कमांड ६४४ देऊन. मध्ये नसलेले फोल्डर बनवायचे असतील तर डॅश कॅपिटल डी. सगळ्या इन्स्टॉलरमध्ये मिळून तीन-चार ओळी होतात आणि फाईल पेनड्राइव्हनं आली का व्हॉट्सॲपनं याची चिंता राहत नाही. इन्स्टॉलर मात्र बॅश स्पेस फाईलचं नाव असाच चालवायला सांगा, म्हणजे त्याला स्वतःला एक्स लागणार नाही, नाहीतर पहिल्याच पायरीला रडारड.

स्क्रिप्ट कुठं ठेवायची यावर माझं मत ठाम आहे, कुणाच्या होममध्ये ठेवायची नाही. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५० बनतो, म्हणजे दुसऱ्या लॉगिनला त्यात शिरताच येत नाही. दिवसपाळीच्या लॉगिनच्या होममध्ये स्क्रिप्ट ठेवली आणि रात्रपाळीला दुसरा बसला की त्याचं बटण बंद, आणि तो सकाळपर्यंत कुणाला सांगत पण नाही. ऑप्टमध्ये ठेवा, मालक रूट.

आणि ७७७ चा मोह टाळा. सगळ्यांना लिहायची परवानगी दिली म्हणजे त्या मशीनवरचं कुठलंही लॉगिन त्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घालू शकतं, आणि पुढच्या वेळी अकाउंटंटनं बटण दाबलं की त्या ओळी अकाउंटंटच्या अधिकारानं चालतात, त्याच्या फाईली, त्याचं सगळं. ७५५ आणि मालक रूट असेल तर हा प्रश्न येत नाही. मॅकवर क्रोमचं एक्स्टेन्शन सगळ्यांसाठी टाकताना तर हा नियमच आहे, त्या फोल्डरचा मालक रूट पाहिजे, ग्रुप ॲडमिन किंवा व्हील पाहिजे, सगळ्यांना लिहिता येता कामा नये आणि वाटेत सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या जागी नेणारा शॉर्टकट, पण नको.

परमिशन बरोबर आहे तरी चालेना

आधी एरर वाचा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट जे दाबलं की ब्राउझर कन्सोल उघडतो, तिथं होस्टचं एसटीडीईआरआर, म्हणजे त्यानं छापलेले एरर, पण दिसतं. क्रोम टर्मिनलातनं चालू करा, पुढं दोन डॅश देऊन एनेबल-लॉगिंग, बरोबरचं चिन्ह, एसटीडीईआरआर.

क्रोमनं स्पेसिफाइड नेटिव्ह मेसेजिंग होस्ट नॉट फाउंड म्हटलं तर जेसन चुकीच्या जागी आहे किंवा तिचं नाव आतल्या नावाशी जुळत नाही. नावात फक्त लहान अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, डॉट चालतात, हायफन घातला की गेलं. ॲक्सेस फॉरबिडन म्हटलं तर परवानगीच्या यादीतला आयडी चुकला. क्रोमचा आयडी पॅकेजच्या पब्लिक कीवरनं निघतो, ३२ अक्षरांचा, ए पासून पी पर्यंतचीच अक्षरं, आणि की बदलली की आयडी बदलतो, लोड अनपॅक्डचा आयडी आणि स्टोअरचा आयडी वेगळा असू शकतो ते यामुळंच. यादीत आयडीच्या पुढं शेवटचा स्लॅश पण पाहिजे. या दोन्हीपैकी कुठलाही एरर असेल तर चमॉडच्या नादी लागू नका, परमिशनचा संबंध नाही. फेल्ड टू स्टार्ट नेटिव्ह मेसेजिंग होस्ट, किंवा नुसतंच नेटिव्ह होस्ट हॅज एक्झिटेड असं आलं तर मात्र इकडं या. फायरफॉक्स तर दोन कारणं एकाच वाक्यात सांगून मोकळा होतो, अमुक पत्त्यावरची फाईल एकतर नाही किंवा एक्झिक्यूटेबल नाही, त्यातलं कुठलं ते तुम्ही शोधा.

शोधायला सगळ्यात कामाची कमांड म्हणजे नेमआय, एन ए एम ई आय, पुढं डॅश एल आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. ती मुळापासनं शेवटच्या फाईलपर्यंत प्रत्येक फोल्डरची परमिशन आणि मालक एकाखाली एक दाखवते. मधल्या एखाद्या फोल्डरला ७०० असतं, आपण स्क्रिप्टवर चमॉड मारत बसतो आणि अडथळा तीन पायऱ्या वरती. ती यादी वरनं खाली वाचत या, बाकीच्यांच्या जागी एक्स जिथं नाही तिथंच अडलंय.

मग शेबँग, म्हणजे स्क्रिप्टची पहिली ओळ. ती नसेल तर ७५५ असूनही थेट चालणार नाही. असेल पण फाईल विंडोजच्या नोटपॅडमधनं आली असेल तर ओळीच्या शेवटी सीआरचं अदृश्य अक्षर असतं, मग सिस्टिम पायथन३ च्या पुढं ते अक्षर जोडून त्या नावाचा प्रोग्रॅम शोधते आणि नो सच फाईल म्हणते, आपण डोळे फाडून बघतो की फाईल तर समोर आहे. हेड डॅश वन करून कॅट डॅश कॅपिटल ए ला दिलं की ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसतं, डॉस-टू-युनिक्स मारा, आणि गिट ॲट्रिब्यूट्समध्ये या फाईलींना ईओएल एलएफ लिहून टाका म्हणजे परत येणार नाही. टर्मिनलातला एक्झिट कोड पण सांगून जातो, १२६ म्हणजे फाईल सापडली पण चालवता येईना, १२७ म्हणजे सापडलीच नाही. १२६ ला परमिशन बघा, १२७ ला शेबँग आणि पत्ता.

शेबँगमध्ये एनव्हीऐवजी, जी पाथमध्ये पायथन शोधते, पायथनचा थेट पत्ता, यूएसआर बिन पायथन३, दिलेला बरा. डेस्कटॉपच्या आयकॉनवरनं उघडलेल्या ब्राउझरचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, आणि तुमच्या टर्मिनलचा पाथ सारखाच असेल असं नाही.

७५५ आहे, शेबँग बरोबर आहे, तरी परमिशन डिनाइड? मग ती डिस्क नोएक्झेक म्हणून, म्हणजे इथनं काही चालवायचं नाही या सेटिंगनं, माउंट केलेली असेल. फाइंडएमएनटी डॅश कॅपिटल टी आणि फाईलचा पत्ता टाका, ऑप्शनमध्ये नोएक्झेक दिसला तर तिथं कुठलीच फाईल थेट चालणार नाही, कितीही चमॉड मारा. स्क्रिप्ट दुसरीकडं हलवा. मॅकवर डाउनलोड केलेल्या फाईलला क्वारंटाइनचा शिक्का असतो, तो एक्सॲटर कमांडनं काढावा लागतो.

आणि उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप नावाच्या बंदिस्त पॅकेजात येतो. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधला ब्राउझर कुंपणाच्या आत असतो, बाहेरची स्क्रिप्ट मनाला येईल तशी चालवायची त्याला मोकळीक नसते, तिथं फाईलच्या परमिशनचा दोष नाही. पटकन ताडून बघायला डेब पॅकेजवाला क्रोम टाकून तीच स्क्रिप्ट लावा, तिथं चालली तर स्नॅपच्या सेटिंगकडं वळा.

चालू झाल्यावर जर एकदाच उत्तर येऊन बंद पडत असेल तर परमिशन सोडा आणि स्क्रिप्टमधले प्रिंट शोधा. होस्टचं एसटीडीआउट म्हणजे ब्राउझरशी बोलायची लाईन आहे, तिच्यावर आधी चार बाइटमध्ये लांबी आणि मग जेसन एवढंच जायला पाहिजे, डीबगसाठी टाकलेला एक प्रिंट गेला की ब्राउझर त्याला लांबी समजतो आणि होस्टला हाकलून देतो. डीबग एसटीडीईआरआरवर टाका. होस्टकडनं ब्राउझरला जाणारा एक मेसेज १ एमबीपेक्षा मोठा चालत नाही हेही, लेबलचे फोटो परत पाठवायला निघालेल्यांसाठी.

विंडोजची मशीन

तिथं एक्स नावाचा प्रकारच नाही. जेसनचा पत्ता रजिस्ट्रीत लिहायचा, करंट युजर, सॉफ्टवेअर, गूगल, क्रोम, नेटिव्हमेसेजिंगहोस्ट्स, खाली होस्टच्या नावाची की. स्क्रिप्टच्या जागी एक बॅट फाईल द्यायची, त्यात पहिली ओळ ॲट एको ऑफ, नाहीतर एकोच लाईनवर जाऊन सगळं बिघडवतो, आणि दुसऱ्या ओळीत पायथन डॅश यू आणि स्क्रिप्ट. एकच जेसन दोन्हीकडं चालवायचा हट्ट नको, लिनक्सवर पूर्ण पत्ता लागतो, विंडोजवर अर्धा पण चालतो.

शेवटची एक गोष्ट अपडेटची. एक्स्टेन्शन स्टोअरवरनं आपोआप अपडेट होतं, होस्टची स्क्रिप्ट होत नाही, ती ऑप्टमध्ये तुम्ही ठेवली तशीच बसून राहते. त्यामुळं कधीतरी नवीन एक्स्टेन्शन जुन्या स्क्रिप्टशी बोलायला लागतं आणि परत फोन येतो की परमिशनचं काहीतरी झालंय वाटतं. जोडणी झाल्या झाल्या होस्टनं पहिल्याच मेसेजमध्ये आपला व्हर्जन नंबर पाठवावा, आणि तो जुना निघाला तर एक्स्टेन्शननं बटणाच्या जागी सरळ मराठीत लिहावं, "प्रिंटरची स्क्रिप्ट जुनी आहे, इन्स्टॉलर परत चालवा." इन्स्टॉलर परत चालवला की ७५५ पण परत लागतो.